पायांकडची काच

१

नवी वस्तू विकायला काढण्याआधी तिच्याशेजारी बसून एक कप चहा प्यायचा, हा मर्विन टॅपलिंगचा धंद्यातला जुना नेम. मग ते कपाट असो, घड्याळ असो, नाहीतर कुणा मेलेल्या पाद्र्याची खुर्ची. "वस्तूला आधी आपली सवय होऊ द्यावी," तो म्हणायचा, "मग तीच सांगते, तिला कुणाच्या घरी जायचंय ते." शाळा त्यानं पोरवयातच सोडली होती, पण लाकूड तो नाकानं ओळखायचा आणि गिऱ्हाईक बुटांवरून. एकदा एक पाय मोडलेलं स्टूल त्यानं उरलेल्या तीन पायांवर सावरून लंडनच्या एका बाईंना 'गवळणीची बैठक' म्हणून विकलं. पुढल्या वर्षी त्याच बाई तसलीच आणखी दोन मागायला आल्या, तेव्हा त्याला दोन धडधाकट स्टुलांचा एकेक पाय कापावा लागला होता.

तर त्या सप्टेंबरात तो असाच चहा घेऊन बसला होता, तांब्याच्या एका टबाशेजारी. हेरफर्डशायरच्या पश्चिम टोकाला, जिथं सफरचंदांच्या बागा संपतात आणि वेल्सचे डोंगर सुरू होतात, तिथं नेदरकोट नावाचं एक जुनं दगडी शेतघर त्यानं घेतलं होतं. शहरातलं दुकान विकून घेतलं होतं. लंडनची शौकीन माणसं शुक्रवारी येतील, चुलीसमोर पाय पसरतील, मेंढ्या बघतील, रविवारी परत जातील, असा बेत. आणि या सगळ्या बेताच्या बुडाशी एकच गोष्ट होती. ग्लेनिस.

वसंतात त्याच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. दुकानातल्या गारठ्यात उभं राहणं आता बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तू इथं फक्त फुलदाण्या भरायच्या," मर्विननं तिला सांगितलं होतं. "बाकी सगळं मी करतो. तू नुसती असायचीस."

"म्हणजे मीही तुझ्या दुकानातलीच एक वस्तू की," ती हसून म्हणाली होती.

"हो. पण विकायची नाही."

घराच्या ऐन मध्यातून एक रुंद बोळ होता, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ आरपार. खाली झिजलेल्या फरशा, मध्यावर एक मोठी आडवी शिळा. पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या टबाचा भार पेलेल अशी जागा घरात तेवढीच, म्हणून टब त्या शिळेवर बसवला. मागचं दार काढून टाकलं आणि तिथं जमिनीपासून तुळईपर्यंत एकसंध काच लावायची ठरली. टबात पडलं की पायांच्या दिशेला कुरण, कुरणापलीकडे कबरस्तानातली काळपट यूची झाडं, आणि झाडांमधून बरोबर समोर चर्चचा मनोरा. मर्विननं ते चित्र प्रथम पाहिलं तेव्हाच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. माणसं घरासाठी नाही येत. माणसं चित्रासाठी येतात.

२

काच बसली त्या दुपारी खालच्या चर्चची घंटा वाजायला लागली. लग्नाची नव्हे. एक ठोका, मग आता थांबली असं वाटेपर्यंत शांतता, मग दुसरा.

काच बसवणारे पुढचं दार सताड उघडं टाकूनच गेले होते. त्या दारातून शेजारचा ऑस्टिन प्रॉसर आत आला. हा ऐंशीच्या घरातला मेंढपाळ. नजर अधू झालेली, जीभ शाबूत.

"एनिड गॉफ गेली," तो म्हणाला. "वरच्या मळ्यातली. चल, दारं उघड."

"कसली दारं?"

"तुझी. पुढचं आणि मागचं. घंटा झाली की या घरची दोन्ही दारं उघडतात. वरच्या मळ्यांतून मयत चर्चकडं न्यायची वाट इथूनच ना, या बोळातून. माझ्या आज्याला नेलं तेव्हा इथल्या बाईनं जेवणाचं टेबल हातानं ओढून बाजूला केलं होतं, ताटांसकट."

मर्विनला हसू आलं. "पण आता गाडीतून नेतात ना, सडकेनं?"

"गाडीतूनच नेतात."

"मग?"

"मग काय? दारं उघडायची. तुझ्या आधीच्यांनी उघडली, त्यांच्या आधीच्यांनी उघडली. फुकटचं काम आहे, पोरा. एका दारानं वारा येतो, दुसऱ्या दारानं जातो. घंटा थांबली की लावून घ्यायची."

"मागचं दार उरलंच नाही, प्रॉसर. हे बघा!" आणि मर्विननं मोठ्या थाटात काच दाखवली. "तीन पदरी. बाहेर मेंढी ओरडली तर तिचं उघडलेलं तोंड दिसेल, आवाज यायचा नाही. आणि बाहेरून कुणी बघितलं तर त्याला दिवसा नुसतं आभाळच दिसेल. नाक टेकवल्याशिवाय आतलं दिसत नाही. टबातल्या माणसाची अब्रू झाकलेली!"

प्रॉसरनं काचेवर बोटाचं पेर वाजवलं. "उघडते कशी?"

"उघडत नाही. तीच तर गंमत आहे."

म्हाताऱ्यानं एकदा टबाकडे पाहिलं, एकदा मागं वळून उघड्या दाराकडे. "मग ते जाणार कुठून?"

"कोण?"

प्रॉसरनं टोपी चढवली, आणि टबाला वळसा घालून, भिंतीशी अंग चोरून तो पुढच्या दारानं निघून गेला. बाहेर जाता जाता तो दाराशी थांबला आणि कुणाला तरी आधी आत येऊ द्यावं तसा जरा बाजूला सरला. मर्विनला वाटलं, म्हातारपणी गुडघे धरतात माणसाचे.

घंटा आणखी थोडा वेळ वाजली. काच एवढी पक्की की बोळात ती फक्त पुढच्या दारानंच ऐकू येत होती.

३

तिन्हीसांजेला तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. ग्लेनिस वरच्या खोलीत पडली होती. तेवढ्यात बोळातून पावलं आली.

पावलं ऐकून माणूस दचकतो ते कोण आलं म्हणून. मर्विन दचकला तो वेगळ्याच कारणानं. सगळं आयुष्य त्यानं कपाटं, पेट्या, पियानो उचलणाऱ्यांच्या मागं-पुढं काढलं होतं. रिकाम्या माणसाचं पाऊल टाचेवर पडतं. ओझं घेतलेल्या माणसाचं आधी चाचपतं, मग सगळं एकदम बसतं. ही पावलं ओझ्याखालची होती. एकाची नव्हती. पुढं दोघं, मागं दोघं, आणि चौघं एकमेकांच्या चालीला सरावलेले.

पावलं टबापर्यंत आली आणि थांबली. मग चौघांनी मिळून श्वास सोडला. हमाल जड वस्तू टेकवतात तेव्हा सोडतात तसा. मात्र वस्तू टेकवल्याचा आवाज झाला नाही. फार जपून ठेवली असावी.

"कोण आहे?" म्हणत मर्विन बोळात आला. हातात बटाटा, दुसऱ्या हातात सुरी.

कुणी नव्हतं. पुढचं दार अजून उघडंच होतं. ते त्यानं लावून घेतलं. काचेत संध्याकाळचा मनोरा उभा होता. गळतो का ते बघायला सकाळीच त्यानं टब काठोकाठ भरून ठेवला होता. त्यातलं पाणी हलत होतं. तरंग नव्हते. सगळंच्या सगळं पाणी सावकाश एका अंगाला कलायचं आणि मग दुसऱ्या अंगाला. बादली हातात धरून कुणी उभं असलं, कितीही स्तब्ध उभं असलं, तरी बादलीतलं पाणी हलतं ना, तसं.

४

सकाळी डोकं ताळ्यावर असतं. मर्विननं कारणं मांडली. खालून झरा जात असेल. सडकेवरून दुधाची गाडी गेली असेल. नवा पंप बसवलाय, तो थरथरत असेल. यातलं प्रत्येक कारण गिऱ्हाइकाच्या गळी उतरवण्याजोगं होतं. अडचण एवढीच, की माल खोटा असला तर तो विकणाऱ्याला आधी कळतो.

त्यानं पंप बंद केला. गवंड्याची पाणसळ आणून टबाच्या काठावर आडवी ठेवली. आतला बुडबुडा मध्यावर आला, थांबल्यासारखा झाला, आणि हळूच डावीकडे सरकला. मग उजवीकडे. पाणसळ त्यानं उचलली आणि टबाखालच्याच शिळेवर ठेवली. बुडबुडा मध्यावर ठाम. पुन्हा काठावर ठेवली. पुन्हा हलायला लागला. शिळा हलत नव्हती. शिळेवर चार भक्कम पायांनी उभा असलेला टब मात्र कुणीतरी पेलून धरल्यासारखा हलत होता.

"प्रॉसर येऊन गेला का रे?" ग्लेनिस जिन्यावरून उतरत म्हणाली. "बोळात ओल्या लोकरीचा वास येतोय. त्याचा तो कोट! पाहुणे येणार आणि घराला मेंढीचा वास."

"सांगतो त्याला," मर्विन म्हणाला आणि पाणसळ पाठीमागं लपवली.

तिला काही सांगायचं नाही, हे त्यानं तिथंच ठरवलं. डॉक्टरांनी धक्का बसेल असं काही नको म्हटलं होतं. आणि सांगायचं तरी काय? पाणी हलतं म्हणून?

ती टबाशी थांबली. पाण्यात बोटं बुडवून म्हणाली, "मर्व्ह, ऑपरेशनला नेत होते ना मला, पडल्या पडल्या, तेव्हा छतावरचे दिवे एकेक करून मागं जात होते. भीती वाटायला हवी होती. पण मला आपलं वाटत होतं, कुणीतरी उचलून घरी नेतंय. लहानपणी गाडीत झोप लागली की बाबा न्यायचे तसं."

"बोटं काढ, गार आहे पाणी," मर्विन म्हणाला. जरा जोरातच म्हणाला.

"अरे, ओरडतोस काय! तुझ्या पाण्याचं तेज उतरलं का माझ्या बोटांनी?"

५

शुक्रवारी पहिले पाहुणे यायचे होते. गुरुवारी लंडनहून टॅम्सिन नावाची पोरगी फोटो काढायला येणार होती. बुधवारी मर्विन लिंबू आणि मीठ घेऊन तांबं घासायला बसला.

तांबं हे फार प्रामाणिक. चांदी खुशामत करते, पितळ फुशारकी मारतं, तांबं मात्र जे समोर असेल तेच जरा लाल करून दाखवतं. घासता घासता टबाची बाजू अशी लखलखली की त्यात बोळ सगळा वाकून आला: भिंत, तुळया, त्याचा स्वतःचा पसरट चेहरा. आणि त्याच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळी उभी पट्टी. एक टबाच्या उशाकडे, एक पायांकडे.

सावल्या असतील म्हणून त्यानं फडका ओढला. पट्ट्या पुसल्या गेल्या नाहीत. जाड कापडाच्या विजारी होत्या त्या. गुडघ्यांशी पोक आलेला. खाली चिखलानं पांढरट पडलेले बूट, टाचा शिळेवर घट्ट रोवलेल्या.

मर्विननं मान वळवली नाही. मान वळवली तर तिथं काही नसेल, हे त्याला ठाऊक होतं आणि तेच नको होतं. तो बसल्या बसल्या मागं सरकत भिंतीला टेकला. तिथून तांब्यात पाहिलं तर गुडघे थरथरत होते. फार वेळ ओझं घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे थरथरतात तसे.

त्या क्षणी त्याला भीतीच्याही आधी लाज वाटली. धंद्याची सुरुवात त्यानं ज्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या हाताखाली केली, त्या म्हाताऱ्याचा एकच कायदा होता: आधी दार उघड, मग माणसांना उचला म्हण. ओझं घेतलेल्या माणसाला उंबऱ्याशी तिष्ठत ठेवायचं नाही. देवाला सुद्धा ठेव, त्याला नको. चाळीस वर्षं मर्विननं तो कायदा मोडला नव्हता.

६

"फोडा ती," तो प्रॉसरच्या अंगणात उभा राहून म्हणाला.

प्रॉसर मेंढीचं खूर तासत होता. त्यानं मान वर केली नाही. "काय फोडू?"

"काच. तुमच्याकडे कुंपणाचे खुंटे ठोकायचा तो मोठा हातोडा आहे ना. आतून मला घाव घालता येत नाही, टब आडवा येतो. तुम्ही कुरणातून घाला. फुटली की दाणे होणारी काच आहे, साखरेसारखी सांडेल."

"हं. म्हणजे आले."

"मला काही विचारू नका."

"मी कुठं विचारतोय! मी फक्त म्हणतोय, आत्ता फोडू."

इथं मर्विनमधला व्यापारी मध्ये आला. "आत्ता नको. उद्या फोटो होऊ देत. ते चित्र बघूनच माणसं येणार आहेत, प्रॉसर. एकदा आली की तिथं काच आहे का दार, कोण विचारतं? फोटो झाले की ग्लेनिसला त्या पोरीबरोबर बागेत धाडतो, टबावर गोधड्या टाकतो, आणि तुम्हाला खूण करतो."

"काचेतून तुझा आवाज यायचा नाही. तूच सांगत होतास मोठ्या तोऱ्यात."

"हात वर करतो. मी काचेपाशी येऊन हात वर केला की घाला."

"मला दिसेल का?"

"दोन्ही करतो. काचेला नाक लावा, दिसेल."

प्रॉसरनं मेंढीला सोडलं. ती लंगडत चार पावलं गेली आणि उभी राहून दोघांकडे बघायला लागली. "एक सांगू, पोरा? एवढा वेळ उभं केल्यावर त्यांना काही भान राहत नाही. आपण काय खाली ठेवलं होतं, कुणाला आणलं होतं. वाटेत जे आडवं असेल ते उचलतात आणि चालायला लागतात. टबात काही ठेवू नकोस."

"टबात पाणी आहे नुसतं."

"पाणी नेलं तर नेऊ देत," प्रॉसर म्हणाला.

७

गुरुवारी ऊन असं पडलं की मागून मिळू नये. टॅम्सिन आली ती मोठमोठ्या पेट्या घेऊन, आल्या आल्या टबाच्या प्रेमात पडली आणि उजेड हवा म्हणून तिनं पुढचं दार सताड उघडलं.

"तुमचा टब तिरका बसवलाय, मिस्टर टॅपलिंग," ती कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाली. मग, "नाही, सरळ आहे." मग, "आता दुसऱ्या बाजूला तिरका दिसतोय. माझ्याच डोळ्यांची वाट लागली वाटतं."

मर्विन हसला. तळहात पँटला पुसले. "तुम्ही काढा फोटो. लवकर आटपा म्हणजे झालं. ग्लेनिसला बागेत घेऊन जा मग, सफरचंदांचे काढा."

"काय घाई आहे एवढी?" ग्लेनिस म्हणाली. तिनं निळा झगा घातला होता आणि खूप दिवसांनी तिच्या गालांवर रंग होता. "पाहुणे उद्या यायचेत, आज नाही."

काचेतून मर्विनला कुरणाच्या फाटकाशी प्रॉसर दिसला. हातोडा खांद्यावर टाकून बाबा आत्ताच हजर झाला होता. मर्विननं दातओठ खाल्ले. थांबा म्हणून सांगायला हवं. दार असतं तर चार पावलांवर होतं. आता पुढच्या दारानं बाहेर पडून, गोठ्याला, सरपणाच्या खोपटाला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून जायचं.

"आलोच," तो म्हणाला.

प्रॉसरला त्यानं गाठलं. "अजून नाही. अर्धे फोटो राहिलेत. मी काचेशी आलो की."

"येशील तेव्हा ये. मी काय, मेंढ्यांबरोबर उभं राहण्यात जन्म गेला." प्रॉसरनं हातोडा काचेजवळच्या गवतात टेकवला आणि त्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवली. काचेत दोघांना फक्त आभाळ दिसत होतं, आणि मनोऱ्याचं प्रतिबिंब.

मर्विन परत निघाला. खुराड्यापाशी आला तेव्हा घरातून हसण्याचा आवाज आला. ग्लेनिसचा. आणि पाण्याचा चुबुक असा एक आवाज.

तो पळायला लागला.

८

"रिकामा टब विकला जात नाही, मिस्टर टॅपलिंग!" टॅम्सिन दारातच त्याला म्हणाली. तिनं उजेड उलटवायचा पांढरा पुठ्ठा काखेत धरला होता. "नुसता खांदा हवाय, पाठमोरा. तुमच्या मिसेसच म्हणाल्या."

ग्लेनिस टबात पडली होती. नदीत पोहायला जाताना घालायची तो तिचा जुना काळा पोशाख, निळ्या झग्याखाली आधीच घातलेला, मान काठावर टेकलेली, पाय काचेकडे. डोळे मिटलेले.

"साठीची बाई टबात बघून तुझ्या लंडनवाल्यांना धीर येईल," ती म्हणाली. "पाणी कसं छान ऊन केलंय हिनं."

"ग्लेन. बाहेर ये."

"आत्ता तर आलेय."

"बाहेर ये म्हणतो ना!"

"थांबा, एक मिनिट," टॅम्सिन कॅमेऱ्याच्या पाठीवरचं चित्र बघत पुटपुटली. "हे बघा की. भिंत स्वच्छ आलीय, फरशी स्वच्छ, आणि टब सगळा पुसट. जसा काही पुढं चाललाय."

आणि तेव्हा मर्विननं तो श्वास ऐकला. त्या संध्याकाळी ऐकला होता तो सोडलेला होता. हा घेतलेला. चौघांनी एकदम, छाती भरून. उचलण्याआधीचा.

टबातलं पाणी हलायचं थांबलं. ते नीट उभं राहिलं, आणि मग सगळं सावकाश उशाकडे कललं. पुढचे दोघं आधी उठले की मागचं टोक खाली राहतं. मग मागचेही उठले असावेत, कारण पाणी सरळ झालं. टबाचे चार पाय शिळेवर जिथल्या तिथं होते.

मर्विननं तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. आयुष्यभर उचलण्यात गेलेला माणूस. कुठल्या वस्तूला कुठं धरायचं हे त्याच्या हातांना ठाऊक. ग्लेनिस तसूभर हलली नाही. तिचं वजन तिचं एकटीचं उरलंच नव्हतं.

"अरे, गुदगुल्या होतात," ती झोपाळलेल्या आवाजात म्हणाली. "मर्व्ह, तुळया बघ कशा सरकतायत. एकेक. किती अलगद."

"मिस्टर टॅपलिंग?" टॅम्सिनचा आवाज बदलला होता. "त्यांना बरं वाटत नाहीये का?"

काच आहे. मर्विनच्या डोक्यात तेवढं एकच उभं राहिलं. काच आहे तोवर ते जाऊ शकत नाहीत. राहू देत उभे वर्षभर, राहू देत जन्मभर, मी रोज इथं बसून चहा पिईन, पण काच आहे. पावलं पडली. आधी चाचपत, मग सगळी एकदम. काचेपर्यंत गेली आणि थांबली.

त्यानं मान वर केली. पलीकडे प्रॉसर होता. दांड्यावरची हनुवटी उचलून, हाताचा आडोसा कपाळावर धरून तो काचेत डोकावत होता. मर्विनला उजेड द्यावा असं वाटलं असेल म्हणा, नाहीतर काय करावं सुचलं नसेल म्हणा, टॅम्सिन काचेशेजारी येऊन उभी राहिली होती आणि तिच्या हातातला पांढरा पुठ्ठा वर गेला होता. प्रॉसरनं हातोड्याला हात घातला. पण तो थांबला. त्याला खात्री नव्हती. म्हाताऱ्याची नजर अधू, त्यानं नाक काचेला टेकवलं.

"नको!" मर्विन ओरडला. टबाला वळसा घालून, ओल्या लोकरीच्या भिंतीतून अंग काढावं तसा तो काचेपाशी पोचला. "नको! नको! प्रॉसर!" आणि थांबवण्यासाठी माणूस जे करतो तेच त्यानं केलं. दोन्ही हात वर केले.

पलीकडे म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. दिसलं बुवा एकदाचं, अशा समाधानानं त्यानं मान हलवली. तळहातांवर थुंकला. मर्विनचं तोंड उघडं होतं, प्रॉसरला तेही दिसलं असणार. आवाज मात्र मेंढीचासुद्धा येत-जात नव्हता.

"त्यांना सांग," ग्लेनिस मागून म्हणाली, "पायरीशी जपून."

हातोडा वर गेला. काच कडाक्याच्या थंडीत दव गोठावं तशी एका क्षणात पांढरी झाली, आणि बोळात कुरणावरचा वारा आला, एका दारानं येऊन दुसऱ्या दारानं जाणारा. काच साखरेसारखी सांडत होती तेव्हा मर्विननं वळून पाहिलं. टब जागचा हलला नव्हता, ग्लेनिसची काठावरची मानही हलली नव्हती, श्वासानंसुद्धा. फक्त आतलं पाणी पायांकडे कललं होतं, चौघं सांभाळून उंबरा उतरताना कलतं तसं.